जनुकबदल केलेल्या जीवाणूंनी पिकवलेली फळं: बडोद्यात लोकांचं मत विचारायचं तर कसं?

वाचनकट्टा_दांडियाबाजार

नमस्कार. आंब्याचा हंगाम भरात असताना आमचं मंडळ दांडिया बाजारात एक चर्चा ठेवतंय. विषय असा: इथिलीन वायू तयार करणारे जनुकबदल केलेले जीवाणू वापरून फळं पिकवली, तर लोकांना चालेल का? चर्चेआधी साधारण १२० जणांकडून छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आहे. निम्मी मराठी घरं, बाकीचे खंडेराव मार्केटात येणारे ग्राहक आणि काही लारीवाले. प्रश्नावली मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत असेल.

पहिला मसुदा एका ओळीचा होता: "जनुकीय बदल केलेल्या बॅक्टेरियांनी पिकवलेला आंबा तुम्ही खाल का? हो / नाही." वाचून दाखवला की लोक उत्तर देण्याऐवजी उलट विचारतात. ते जंतू आंब्यात जातात का? उपवासाला चालेल का? कार्बाइडपेक्षा बरं की वाईट? आणि सध्या बाजारात जे मिळतं ते कशानं पिकवतात? हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि आमच्याकडे नेमकी उत्तरं नाहीत. तंत्र कसं चालेल, कायदा काय म्हणतो आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, या तिन्हींत मदत हवी आहे. कार्यक्रमात असे जीवाणू प्रत्यक्ष दाखवता येतील का, हेही सांगा.

पेट्रीडिश

तंत्रापासून सुरुवात करू. आंबा, केळं, चिकू, पपई, सीताफळ ही फळं पिकताना स्वतःच इथिलीन सोडतात. फळाच्या पेशीत मेथिओनिन या अमिनो आम्लापासून एसीसी नावाचं संयुग आणि त्यापासून इथिलीन, अशी साखळी असते. बाहेरून थोडं इथिलीन मिळालं की फळ स्वतःचं तयार करू लागतं. पुढे पिठाची साखर होणं, साल पिवळी पडणं, गर मऊ होणं हे सगळं फळच करतं. द्राक्षं, संत्री, डाळिंबं अशी पिकत नाहीत. तोडल्यावर त्यांच्यावर कितीही वायू सोडला तरी गोडी वाढत नाही. म्हणून प्रश्नावलीत नुसतं "फळं" लिहू नका, केळं आणि आंबा अशी नावं घाला.

जीवाणूंचा रस्ता वेगळा आहे. स्यूडोमोनास सिरिंगी हा झाडांवर रोग पाडणारा जीवाणू. त्याच्या काही जातींत ईएफई हे एकच एन्झाइम २-ऑक्सोग्लुटरेट या पेशीतल्या संयुगापासून थेट इथिलीन काढतं. त्याला ऑक्सिजन, फेरस लोह आणि आर्जिनीन हे अमिनो आम्ल लागतं. हे एन्झाइम बनवणारं जनुक ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूच्या, प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी जातीत घातलं की तीही इथिलीन देऊ लागते. सायनोबॅक्टेरियांत, म्हणजे उजेडावर वाढणाऱ्या जीवाणूंतही, हे करून झालं आहे. एका जनुकात काम भागतं, त्यामुळे ही कल्पना पुन्हापुन्हा पुढे येते.

फळाजवळ ठेवायची वस्तू साधारण अशी असेल: एक बंद डबी, तिच्यात जेलमध्ये अडकवलेले जीवाणू आणि त्यांचं खाद्य, तोंडाला ०.२ मायक्रॉनची पाणी न धरणारी टेफ्लॉनची गाळणी. ई. कोलायची पेशी एक-दोन मायक्रॉन लांब आणि अर्धा मायक्रॉनहून थोडी जाड असते, त्यामुळे ती अडकते आणि वायू आरपार जातो. फळावर जीवाणू फवारायचे नसतात. तुमच्या एका ओळीच्या प्रश्नात नेमकं हेच निसटलं आहे. "बॅक्टेरियांनी पिकवलेला" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सालीवर वळवळणारे जंतू येतात.

आता बिघडतं काय ते. ईएफई २५ ते ३० अंशांवर नीट तयार होतं. ३७ अंशांवर त्याचे गठ्ठे होतात आणि बरंच निकामी जातं. केळी पिकवतात त्या थंड खोलीत तर जीवाणूच मंदावतात. म्हणजे डबी खोलीत ठेवून भागणार नाही. बाहेर उबेत ठेवून नळीनं वायू आत न्यावा लागेल. दुसरं, जनुक प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, असेल आणि प्रतिजैविकाचा दाब नसेल, तर काही पिढ्यांत पेशी प्लास्मिड टाकून देतात आणि वायू आटतो. प्रतिजैविक घालून ते टिकवायचं तर प्रतिकार करणारं जनुक फळांच्या शेजारी आणल्यासारखं होईल. म्हणून जनुक गुणसूत्रातच बसवावं लागतं. तिसरं, इथिलीनच्या एका रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू निघतात, शिवाय जीवाणूंचा स्वतःचा श्वास आहेच. बंद खोक्यात ऑक्सिजन उतरला की एन्झाइम थांबतं आणि फळही थांबतं. चौथं म्हणजे वास. ई. कोलाय ट्रिप्टोफॅनपासून इंडोल करतो आणि त्याला संडासासारखी घाण येते. इंडोल करणारं जनुक काढलेली जात वापरली नाही, तर गाळणीतून आलेला वास आंब्याला लागण्याआधी गिऱ्हाईकच पळेल.

डबी वापरून झाल्यावर ती १२१ अंशांवर वाफेच्या दाबात अर्धा तास ठेवूनच टाकायची. हे दुकानदाराकडून होणार नाही. डब्या गोळा करून परत नेण्याची सोय सांगितल्याशिवाय या कल्पनेला अर्थ नाही.

वखारीचा_हिशेब

लोकांना तुलना हवी आहे, तर आधी सध्याची पद्धत नीट मांडा.

केळ्यांच्या वखारीत, म्हणजे रायपनिंग चेंबरमध्ये, गराचं तापमान १६ ते १८ अंशांवर आणतात. आर्द्रता ९० ते ९५ टक्के, इथिलीन १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग, २४ तास. कार्बन डायऑक्साइड १ टक्क्याच्या वर गेला की पिकणं अडतं, म्हणून त्यानंतर दर १२ तासांनी २०-३० मिनिटं हवा बदलायची. चार ते सहा दिवसांत रंग येतो. आंब्याला २० ते २२ अंश, आर्द्रता ९० च्या आसपास, २४ ते ४८ तास. केळ्याला १३ अंशांखाली थंडी बाधते आणि साल राखाडी पडते. २४ अंशांच्या वर गर मऊ होतो पण साल हिरवीच राहते. बरेच लोक याला "औषध मारलेलं" म्हणतात. खरं तर ती तापमानाची चूक असते.

आता मात्रेचा हिशेब. ६० घनमीटरची खोली, १०० पीपीएम, म्हणजे ६ लिटर इथिलीन. वजनात सुमारे ७ ग्रॅम. सिलिंडरमधून हे काही मिनिटांत सोडता येतं, किंवा अल्कोहोल गरम उत्प्रेरकावरून नेऊन त्याचं इथिलीन करणारं छोटं जनरेटर यंत्र लावतात. जीवाणूंकडून एवढं काढायचं तर मोठी टाकी, हवा, खाद्य आणि सतत देखरेख. वखारवाला हे कशाला करेल? पण घरातलं ४० लिटरचं खोकं घ्या. १०० पीपीएमला फक्त ४ मिलिलिटर वायू पुरतो. जीवाणूंच्या डबीला जागा असलीच तर तिथे, किंवा लारीवाल्याच्या पेटीत. तुमचे प्रश्न वखारीबद्दल नकोत, पेटीबद्दल हवेत.

आणि पेटीतच सध्या कार्बाइडची पुडी सापडते, ज्याला बाजारात "मसाला" म्हणतात. ओल लागली की कॅल्शियम कार्बाइडमधून ॲसिटिलीन निघतो. तो इथिलीनची नक्कल करतो, पण कितीतरी पटींनी जास्त लागतो. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. साल पिवळी, देठाजवळ गर कच्चा, वास नाही, हा त्याचा परिणाम. मूळ दोष बहुधा आधीच झालेला असतो: आंबा पाडाला येण्याआधीच उतरवलेला असतो. खांदे देठाच्या वर भरले नसतील तर केसर असो की हापूस, कार्बाइड, इथिलीन, अढी, जीवाणू, कशानंही त्याला गोडी येणार नाही. लोकांना वाटतं की फळाची चव पिकवण्यानं गेली. ती तोडण्यानं गेलेली असते. हे प्रश्नावलीच्या आधी तोंडी सांगा.

वाचनकट्टा_दांडियाबाजार

दोघांचेही आभार. वायूचं गणित फार उपयोगी पडलं. एक राहिलं: शाकाहार आणि उपवास. आमच्याकडे हा प्रश्न सगळ्यात आधी येणार, आणि जैन कुटुंबांकडून "जीव मारले जातात का" हाही.

पेट्रीडिश

सरळ उत्तर द्या, गुळमुळीत नको. डबी नष्ट करताना जीवाणू मरतात, कोट्यवधींनी मरतात. ते लपवलं आणि नंतर कळलं, तर बाकीच्या उत्तरांवरचाही विश्वास जाईल.

शाकाहाराचा मुद्दा खाद्यावर ठरतो. प्रयोगशाळेत नेहमीचं एलबी हे खाद्य म्हणजे लिटरला १० ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम यीस्टचा अर्क, १० ग्रॅम मीठ. ट्रिप्टोन दुधातल्या केसिनपासून होतं. न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये मात्र मांसाचा अर्क किंवा मांसाचं पेप्टोन असतं. ग्लुकोज आणि क्षारांवर वाढवायचं एम९ खाद्य घेतलं तर प्राणिज काहीच येत नाही. फळाला खाद्य लागत नाही हे खरं, तरीही घरातली बाई विचारेल "त्यांना खायला काय घालता?", आणि तो प्रश्न बरोबर आहे. उपवासाला चालेल का हे ज्यानं त्यानं ठरवायचं. तुमच्या कार्डावर ते गृहीत धरू नका.

नमुना_आणि_चूक

प्रश्नावलीकडे येतो, कारण तिथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो.

"खाल का, हो / नाही" हा प्रश्न एकाच वेळी चार गोष्टी मोजतो: जीवाणूंची किळस, जनुकबदलाची भीती, विक्रेत्यावरचा अविश्वास आणि आंब्याचा मोह. चारही वेगळ्या करा. त्यासाठी कार्डं वापरा. प्रत्येक कार्डावर चार-पाच वाक्यांत एकच पद्धत, आणि शेवटी सगळीकडे तोच प्रश्न. माझ्या मते पाच कार्डं पुरतात: घरची अढी, वखारीतलं सिलिंडरचं इथिलीन, कार्बाइडची पुडी, बंद डबीतले नैसर्गिक जीवाणू, बंद डबीतले जनुकबदल केलेले जीवाणू. चौथं आणि पाचवं कार्ड शब्दशः सारखं ठेवा, फक्त "जनुकबदल केलेले" हे दोन शब्द जास्त. त्या दोन्हींच्या उत्तरांतला फरक म्हणजेच जनुकबदलाबद्दलचं मत. तिसऱ्या आणि पाचव्यातला फरक म्हणजे "सध्याच्यापेक्षा बरं का" याचं उत्तर. आणखी एक जोडी लक्षवेधी ठरेल. सिलिंडरमधलं इथिलीन पेट्रोकेमिकल कारखान्यातून येतं, आणि शहराला लागून असलेल्या संकुलात नाफ्थ्यापासून, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या द्रवापासून, इथिलीन बनवायला १९७० च्या दशकातच सुरुवात झाली. ज्यांना जीवाणू अनैसर्गिक वाटतात त्यांना नाफ्थ्याचं इथिलीन कसं वाटतं, हे विचारल्याशिवाय "नैसर्गिक" या शब्दामागे त्यांना काय म्हणायचंय ते कळत नाही.

सगळ्यांना एकाच क्रमानं कार्डं देऊ नका. कार्बाइड आधी वाचलं की पुढचं सगळं बरं वाटतं, अढी आधी वाचली की सगळं वाईट. कार्डं पिसा आणि क्रम उत्तरपत्रिकेवर लिहून ठेवा.

शब्द जपून निवडा. "जंतू" म्हटलं की आजार, "जीवाणू" म्हटलं की शाळेचं पुस्तक, "बॅक्टेरिया" दोन्हींच्या मधे. "विरजणासारखे" असं लिहिण्याचा मोह होईल. लिहू नका, कारण ते आधीच पारडं झुकवतं. विरजण आपण खातो, डबी खात नाही. गुजराती मसुदा दुसऱ्या कुणाकडून उलट मराठीत आणून घ्या आणि मूळ मराठीशी ताडून बघा. अर्थ कुठे सरकला ते लगेच दिसतं.

उत्तराला पाच पायऱ्या ठेवा: नक्की घेईन, बहुतेक घेईन, ठरवलं नाही, बहुतेक नाही, नक्की नाही. "ठरवलं नाही" काढून टाकू नका. या विषयात ते खरं मत असतं. प्रत्येक कार्डानंतर एक मोकळी ओळ: "वाचल्यावर मनात पहिलं काय आलं?" त्या ओळी आकड्यांपेक्षा जास्त सांगतील. त्यानंतर एक वेगळा प्रश्न: "हे तुमच्या पेटीत वापरलंय हे तुम्हाला कळायला हवं का, आणि कुठे लिहिलेलं?" पुष्कळदा विरोध वस्तूला नसतो, न सांगता वापरण्याला असतो.

आकड्यांची मर्यादा मान्य करा. यादृच्छिकपणे निवडलेल्या १०० जणांतही चूक दोन्ही बाजूंना सुमारे १० टक्क्यांची असते. ५ टक्क्यांवर आणायची तर ४०० लागतात. तुमची निवड तशी नाहीच, ओळखीच्या घरांतून आहे. ६०-६० च्या दोन गटांत १८ टक्क्यांपेक्षा कमी फरक दिसला तर त्याला फरक म्हणू नका. "बडोदेकरांचं मत" असं फलकावर लिहू नका. "१२० जणांनी काय सांगितलं" असं लिहा.

लारीवाल्यांची उत्तरं वेगळी ठेवा. त्यांना "खाल का" नाही, "विकाल का, आणि गिऱ्हाईकानं विचारलं तर काय सांगाल" असं विचारा.

रावपुरा_ग्राहक

वरच्या सगळ्या मांडणीत एक गृहीत दडलंय: माहिती नीट दिली की मत नीट बनेल. मला ते पटत नाही.

१९९४ मध्ये अमेरिकेत फ्लेवर सेव्हर टोमॅटो विक्रीला आला, हळू मऊ पडणारा. काही वर्षांतच तो बाजारातून गेला. ब्रिटनमध्ये मात्र १९९६ पासून जनुकबदल केलेल्या टोमॅटोची प्युरी डब्यावर तसं स्पष्ट लिहून विकली, किंमतही कमी ठेवली, आणि ती चांगली खपली. दोन-तीन वर्षांनी जनुकबदलाच्या अन्नावरून तिथे मोठं वादळ उठलं आणि तीही गेली. प्युरी तीच होती. बदलला तो सांगणाऱ्यांवरचा विश्वास.

आपल्याकडचंही आठवा. २००१ मध्ये गुजरातमध्ये हजारो एकरांवर मंजुरी नसलेला बीटी कापूस उभा असल्याचं उघड झालं. पहिली अधिकृत मंजुरी आली २००२ च्या मार्चमध्ये. कार्बाइडला बंदी आहे आणि पुडी मिळतेच. अशा ठिकाणी कार्डावर "डबी परत नेऊन नष्ट केली जाते" असं वाचणारा माणूस मनात म्हणतो: कोण नेणार? कोण बघणार? ही अडाणीपणाची भीती नाही, अनुभवाचा निष्कर्ष आहे. तेव्हा प्रश्नावलीत "ही तपासणी कुणी केली तर तुमचा विश्वास बसेल?" हा प्रश्न हवाच. पर्याय द्या: महानगरपालिका, राज्याचं अन्न खातं, विद्यापीठाची प्रयोगशाळा, ग्राहक संघटना, कुणीही नाही.

आणि फायदा कुणाचा हेही लिहा. मधुमेहाचं इन्शुलिन १९८२ पासून जनुकबदल केलेल्या ई. कोलायपासून बनतं, चीजसाठी लागणारं, दूध घट्ट करणारं कायमोसिन हे एन्झाइम १९९० पासून जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांपासून. त्यांना फारसा विरोध झाला नाही, कारण एकात रुग्णाचा जीव वाचतो आणि दुसऱ्यात वासराच्या जठराची गरज संपते. पिकवण्याच्या डबीत ग्राहकाला काय मिळतं? पिकलेलं एक केळं कच्च्या घडाशेजारी पिशवीत ठेवलं तरी फळं पिकतात, फुकट. हा प्रश्न चर्चेत कुणी तरी विचारणारच, उत्तर तयार ठेवा.

पेट्रीडिश

फुकटच्या केळ्याचा मुद्दा मान्य. घरासाठी तोच उत्तम उपाय आहे आणि मी तोच सांगेन. डबीची बाजू एवढीच की केळं किती वायू देईल हे ठरलेलं नसतं, डबीचा वेग ठरवता येतो. आणि दहा किलोच्या शंभर पेट्यांत शंभर पिकली केळी ठेवली तर त्यांच्यावरची बुरशी बाकीच्या फळांना लागते. याउपर मोठा दावा मी करणार नाही.

एक भर घालतो. उलट दिशेचे जीवाणूही आहेत: एसीसी फोडणारं एन्झाइम असलेले, त्यामुळे इथिलीन कमी होतं. मातीत ते नैसर्गिकपणे सापडतात. फळ लवकर पिकवणं व्यापाऱ्याच्या फायद्याचं वाटतं, जास्त दिवस टिकवणं घराच्या. वेळ असेल तर सहावं कार्ड त्यावर करा.

नियम_कलम

कायद्याचं थोडक्यात. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतल्या विक्रीबंदीच्या भागात, नियम २.३.५ मध्ये, ॲसिटिलीन म्हणजे कार्बाइड वायूनं पिकवलेली फळं विकायला मनाई आहे. २०१६ पासून इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत, पीक, जात आणि पक्वता पाहून, वापरता येतो. इथेफॉन या इथिलीन सोडणाऱ्या रसायनाची पुडी वायूचा स्रोत म्हणून, फळाला न लागेल अशी, चालते. इथेफॉनच्या पाण्यात फळं बुडवणं चालत नाही. लारीवाल्यांशी बोलताना हा फरक नक्की सांगा, तिथे गोंधळ आहे.

जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांना १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागतात. संस्थेची जैवसुरक्षा समिती, जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम ही समिती आणि पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी ही समिती अशी उतरंड आहे. बाजारात, म्हणजे बंद प्रयोगशाळेबाहेर, डबी आणायची तर जीईएसीपर्यंत जावं लागेल. फळात जनुकबदल नाही, तरी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याची व्याख्या जनुकबदल केलेल्या जीवांपासून तयार झालेल्या, पण ते जीव नसलेल्या अन्नालाही धरते. वायूनं पिकलेलं फळ "तयार झालेलं" की नुसतं "संस्कार केलेलं", यावर वाद होईल आणि लेबल लावायचं की नाही ते त्यावर ठरेल. बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये याच जीईएसीनं हिरवा कंदील दाखवला होता. सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, त्यांत अहमदाबादही होतं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्र्यांनी स्थगिती दिली. लोकमतानं निर्णय फिरतो याचं याहून जवळचं उदाहरण नाही.

कार्यक्रमात जिवंत जनुकबदल केलेले जीवाणू दाखवू नका आणि त्यांच्याजवळ पिकवलेलं फळ कुणाला चाखायला तर मुळीच देऊ नका. मंजुरीशिवाय ते बेकायदा आहे. दाखवायचंच तर झाकणाचे दोन डबे घ्या, दोन्हींत एकाच घडाची कच्ची केळी, एकात एक पिकलेलं केळं. चार दिवस आधी सुरू करा, रोज दहा मिनिटं झाकण उघडा.

वाचनकट्टा_दांडियाबाजार

पाचवं कार्ड असं केलंय, बघून सांगा:

"केळ्यांच्या पेटीत एक बंद डबी ठेवतात. तिच्यात इथिलीन वायू सोडणारे, जनुकबदल केलेले जीवाणू असतात. वायू गाळणीतून पेटीत येतो, जीवाणू डबीतच राहतात. गाळणी फाटली तर ते फळाच्या सालीवर येऊ शकतात. दोन दिवसांनी डबी काढून घेतात आणि वाफेवर निर्जंतुक करून नष्ट करतात."

चौथ्या कार्डावर हेच, "जनुकबदल केलेले" वगळून. तपासणी कुणाची हवी हा प्रश्न घेतला आहे, आणि लेबलाचाही.

नमुना_आणि_चूक

ठीक आहे. "काढून घेतात" याला कर्ता नाही. "विक्रेता काढून घेतो" असं लिहा, दोन्ही कार्डांवर. रावपुऱ्याच्या सदस्यांनी काढलेली शंका तिथेच तपासली जाईल. "निर्जंतुक करून" ऐवजी "जीवाणू मारून" लिहा. वर ठरलं होतं की ते लपवायचं नाही.

वखारीचा_हिशेब

आणि "दोन दिवसांनी" केळ्याला ठीक. कार्ड आंब्यासाठी वापरलंत आणि पेटी मे महिन्याच्या उन्हात लारीवर असेल, तर पेटीत ३५ अंशांच्या वर जाईल. तिथे जीवाणूंचं एन्झाइमही नीट चालणार नाही आणि आंबाही नीट पिकणार नाही. पेटी सावलीत, २५ अंशांच्या आसपास ठेवलेली आहे असं एक वाक्य घाला, नाहीतर लारीवाला पहिल्याच कार्डावर तुम्हाला अडवेल.